दोघांपुरती गाडी

८ जानेवारी १९९५, रविवार

दळण घेऊन आले तर हे अंगणात ओणवे होऊन माझ्या शिवणाच्या खडूने जमिनीवर रेघा मारत होते. मला वाटलं, कसलं तरी कुंपण घालायचं असेल.

"चप्पल काढून ये," म्हणाले.

"अंगणात?"

"अगो, घरात येत्येस तू. चाकावरच्या."

अठरा फूट लांब, साडेसहा फूट रुंद असा चौकोन. पुढे एक गोल, ते स्टिअरिंग. मागे दोन खाटा, मध्ये माझा स्टो, डाव्या अंगाला खिडकी आणि ती केवढी, आमच्या पुढच्या दारापेक्षा मोठी! एकतीस वर्षं एस.टी. चालवून हे गेल्या महिन्याच्या अखेरीस रोहा डेपोतून निवृत्त झाले. मला वाटलं होतं, आता पेणला रामवाडीच्या घरात आरामात पेपर वाचतील. पण यांच्या डोक्यात हे. एक गाडी घ्यायची, आत झोपायची आणि स्वैपाकाची सोय करायची, आणि देश बघायचा.

"एकतीस वर्षं नुसता रस्ता बघितला सगुणा. गाव एक नाय बघितलं. लोकांना उतरवलं आणि गाडी वळवली."

ही वहीसुद्धा यांना निरोपाच्या वेळी मिळालेली. "मला काय लिवायचंय," म्हणून माझ्याकडे दिली. दुपारी हे झोपल्यावर मी त्या चौकोनात जाऊन उभी राहिले. शेजारची बघत नाहीये ना, ते आधी पाहिलं. मग खडूच्या खिडकीतून बाहेर बघितलं. समोर तुळस होती आणि पलीकडे कुंपण. तरी मी बराच वेळ बघत उभी राहिले.

१५ जानेवारी, रविवार

रोह्याला मोरू मिस्त्रीच्या गॅरेजात गेलो. हा यांचा जुना दोस्त, डेपोतलं काम सोडून स्वतःचं दुकान टाकलेला. धाटावच्या एका कंपनीने शिफ्टची माणसं ने-आण करणारी मिनीबस विकायला काढली आहे, ती त्याच्याकडे उभी होती.

मी शिवणाची टेप नेलीच होती. आत चढले आणि खरं सांगते, टेप काढायचं भानच राहिलं नाही. सरळ उभी राहिले, हात वर केला तरी छत लागेना. हे पावणेसहा फूट, तेही ताठ उभे. मोरू म्हणाला, बाकडी काढली की हॉल होईल. मागे खाटा, मध्ये ओटा, आणि कोपऱ्यात दार लावलेली मोरी. हे मीच सुचवलं. बाई माणसाला रस्त्यावर काय भोगावं लागतं ते पुरुषांना काय कळणार! लग्नानंतर एकदा यांच्याच गाडीने महाडला गेले होते, येताजाता पाण्याचा घोट घेतला नव्हता.

मग मोरू म्हणाला, "दत्तूभाऊ, घ्या चक्कर." हे म्हणाले, "तूच चालव. माझी कंबर धरल्येय." कुंडलिकेच्या पुलापर्यंत मोरूने नेली. हे मागच्या बाकावर डोळे मिटून बसले होते, इंजिन ऐकत. मला गंमत वाटली. एकतीस वर्षांचा ड्रायव्हर आणि नव्या गाडीच्या चाकाला हात लावत नाही! मिठाईवाल्याला मिठाई नकोशी होते, तसं झालं असेल.

उतरताना पायरीचा अंदाज चुकला यांचा. पडलेच असते. मोरूने धरलं.

२६ जानेवारी, गुरुवार

अनिता खांबहून आली होती, जावईही होते. चौकोन बघून तिला वाटलं, मंडप घालतोय. सांगितलं तेव्हा हसली, मग तिला कळलं की आम्ही खरंच बोलतोय.

"आई, तू पन्नाशीची आहेस. गाडीत राहतात ते कोण, माहितीये? सर्कसवाले."

"सर्कसवाल्यांनी देश बघितलेला असतो गो," हे म्हणाले.

ती रागावून आत गेली. भांडी घासता घासता मला म्हणाली, "बाबांना समजाव. निवृत्तीनंतर माणसं अशीच भ्रमिष्टासारखी करतात. मघाशी मी शेजारी बसले होते, तरी मला हाका मारत होते." मी म्हटलं, लक्ष नसतं हल्ली. खरंच नसतं. दाराच्या चौकटीला खांदा आपटतात, डाव्या हाताला ठेवलेला चहा सांडतात. डोक्यात सतत ती गाडी.

१२ फेब्रुवारी, रविवार

भांडण झालं.

मिनीबस जवळजवळ ठरली होती. आज कळलं की खाटा दोन नाहीत, तीन आहेत. तिसरी ड्रायव्हरची!

"कुठला ड्रायव्हर?"

"जनू कंडक्टरच्या पुतण्याला विचारतो. एवढ्या मोठ्या गाडीला हेवी लायसनवाला लागतोच."

"तुमचं काय झालं? तुमच्याकडे काय सायकलचं लायसन आहे?"

"मी एकतीस वर्षं चालवली. आता मला बाजूला बसून बघायचंय."

मी साफ सांगितलं. परका माणूस रात्री आमच्याबरोबर झोपणार, सकाळी त्याच्यासमोर मी वेणी घालणार, ते जमणार नाही. मोरीला दार असून उपयोग काय मग? दोघं जायचं तर दोघंच. हे गप्प झाले. यांचं गप्प होणं मला माहीत आहे. रागाचं वेगळं असतं. हे तसं नव्हतं. बाहेर जाऊन त्या चौकोनाकडे बघत बसले. पाण्याची बादली मागितली आणि स्वतःच्या हाताने सगळ्या रेघा धुऊन टाकल्या.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

५ मार्च, रविवार

आज मारुती व्हॅन बघितली, वडखळच्या एका डॉक्टरांची. हेच म्हणाले, छोटी बघू. मोठ्या बसवरून एकदम डबीवर! मी टेप लावली. मागची सीट काढून झोपायला साडेपाच फूट मिळतात, तेही तिरकं. बसलं की माझंच डोकं छताला. स्टो बाहेर मांडायचा, पाऊस आला की उपाशी. मोरी तर विसराच.

पण यांना त्या सगळ्यात रस नव्हता. मला म्हणाले, "पुढं बस. नाय, तिथं नाय. चाकामागं."

बसले. आयुष्यात पहिल्यांदा. यांनी वाकून माझे पाय बघितले, क्लचवर ठेवायला लावले, दाबायला लावलं. "पोचतात," म्हणाले, स्वतःशीच. ब्लाउजाचं माप घेताना मी जशी गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे बघते, तसे माझ्याकडे बघत होते.

म्हटलं, "माझ्या पायाचं माप कशाला? गाडी तुम्ही चालवणार."

"सीट आरामाची हाय का बघतो."

चाकामागून समोरची काच मोठी दिसते. आपल्या आणि जगाच्या मध्ये काहीच नाही असं वाटतं. हे मी यांना सांगितलं नाही.

मी व्हॅनला नाही म्हटलं. मोरीशिवाय मी येणार नाही. हे म्हणाले, बरं. इतक्या लवकर "बरं" म्हणाले की मलाच अपराधी वाटलं.

१ एप्रिल, शनिवार, पाडवा

गुढी उतरवून संध्याकाळी रोह्याला गेलो. मोरूचा निरोप होता. एक जुनी मॅटाडोर, महाडच्या बेकरीची. आत शिरले तर पावांचा वास! वीस वर्षांचा भाजका वास पत्र्यात मुरलेला. मला ती तिथेच आवडली, पण मापं घेतल्याशिवाय आवडली असं म्हणायचं नाही हे मी शिवणकामात शिकले आहे.

ड्रायव्हरच्या मागे लांबी नऊ फूट. रुंदी पाच फूट. उंची पाच फूट एक इंच.

मी पाच फूट. म्हणजे मी आत उभी राहते आणि डोक्यावर एक इंच उरतो. हे उभे राहत नाहीत.

मोरू म्हणाला, छत कापून फूटभर वाढवतो, भाऊ ताठ राहतील. हे नको म्हणाले. "उंच गाडी वाऱ्याला हलते. घाटात चालवणाऱ्याचा जीव जातो." मग मोरीसाठी दोन फूट काढले तर बिछाना किती उरतो ते मी मोजलं. ओटा, मोरी, सामानाची पेटी जाऊन साडेपाच फूट. यांचे पाय मावणार नाहीत.

"मोरी लहान करते," मी म्हटलं.

"तुझी मोरी राहू दे. मी वस्तीच्या गाडीत रात्री बाकड्यावर झोपलेला माणूस. पाय दुमडायची सवय हाय मला."

उंचीही माझ्या मापाची, कोपराही माझ्या मापाचा. यांनी फक्त एकच मागितलं: डाव्या अंगाला मोठी खिडकी. पत्रा कापून. आणि मला परत चाकामागे बसवलं. सीट पुढे सरकवायला लावली. मोरू हसत होता, मग यांच्याकडे बघून हसायचा थांबला. का ते कळलं नाही.

गाडी घेतली.

१६ एप्रिल, रविवार

काय लिहू.

मोरूने गाडी यांच्या गावाला आणून दिली, खाडीकाठी. यांचे वडील इथल्या मिठागरात राबले. मिठाचा हंगाम जोरात आहे, आगरात पांढऱ्या राशी लागल्यात. बांधाशेजारी मोठं सपाट मैदान आहे, आपटायला काही नाही. मोरू गावात चहाला गेला. हे म्हणाले, "बस चाकावर. आजपासून शिकायचं."

मी हसले. मग चिडले. म्हटलं, घरात एकतीस वर्षांचा ड्रायव्हर असताना मी या वयात लोकांपुढे शोभा का करून घेऊ? कंबर एवढी दुखते तर डॉक्टरला दाखवा!

तेवढ्यात डाव्या बाजूच्या खाऱ्या पाण्याच्या कोंडीतून पक्षी उठले. पांढरे, गुलाबी, शेकडो. सगळं पाणी एकदम पंख होऊन वर गेलं. माझा राग तोंडातच राहिला. "बघा, बघा ना!" मी ओरडले. हे समोर बघत होते. मी खांद्याला धरलं तेव्हा मान वळवली, पार वळवली, घुबडासारखी. तोवर थवा पुढे गेला होता.

मी विचारलं, "तुम्हाला दिसले नाहीत?"

मान तशीच थव्याकडे ठेवली. मग म्हणाले, "समोरचं दिसतं. बाजूचं नाय दिसत. पाइपातून बघावं तसं झालंय, दीड-दोन वर्षं. काचबिंदू म्हणतात. पनवेलच्या डॉक्टरला दाखवलं. गेली ती नजर येत नाय. उरलेली टिकावी म्हणून थेंब घालायचे. टिकली तर टिकली."

डोळ्यात धूळ गेली म्हणून थेंब घालतात, असं मी शेजारणीला सांगत होते.

मग सगळं सांगितलं. सव्वा वर्षापूर्वी, सुकेळी खिंडीत. गाडी भरलेली, जनू कंडक्टर. डाव्या कडेने लाकडाचा भारा घेतलेली बाई चालली होती. यांना ती दिसलीच नाही. जनू ओरडला म्हणून चाक ओढलं. भारा आरशाला घासून पडला, बाई वाचली. यांनी गाडी तिथेच कडेला घेतली, उतरून त्या बाईचा भारा परत बांधून दिला. मग जनूला म्हणाले, प्रवासी मागच्या गाडीत बसव, मी आता चालवणार नाय. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः डेपोत जाऊन सांगितलं. कुणी पकडलं नव्हतं. शेवटचं वर्ष ऑफिसात बसून काढलं. मला सांगितलं, कंबर.

"मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगू गो? मला येतं ते एकच काम."

सूर्य खाली आला होता. मिठाच्या राशी गुलाबी झाल्या होत्या, कोंडीतल्या पाण्यात सगळं आभाळ उतरलं होतं, कुठून जमीन सुरू होते ते समजत नव्हतं. हे सरळ समोर बघत होते. किती बघत असतील त्यातलं? एक रास? अर्धी?

२० एप्रिल, गुरुवार

चार दिवस मी बोलले नाही. एका घरात राहून नवऱ्याची नजर जाते आणि बायको चहा सांडला म्हणून ओरडते. राग त्यांचा की माझा, ठरत नाही. शिवणाच्या क्लासच्या मुलींना आज बाही उलटी लावून दिली.

संध्याकाळी चहा यांच्या समोर ठेवला. डावीकडे नाही, बरोबर समोर. त्यांनी कप बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"शिकवा," मी म्हटलं.

७ मे, रविवार

शिकाऊ लायसन मिळालं. रोज पहाटे पहिल्या एस.टी.ने खाडीकाठी जातो, आठला परत.

हे कसे शिकवतात ते लिहून ठेवायला हवं. बाजूला बसतात, डोळे मिटून. "ऐक. रडत्येय ती. दुसरा टाक." मी गिअर टाकते. "आता हसली." गाडी हसते-रडते हे मला आधी वेड्यासारखं वाटायचं, आता ऐकू येतं. मातीवर चाक वेगळं वाजतं, खडीवर वेगळं, डावं चाक बांधाच्या कडेला गेलं की पोकळ वाजतं. यांना न बघता कळतं. "उजवीकडं घे थोडी." मी बघते तर खरंच, कड हातभर राहिलेली! या माणसाने एकतीस वर्षांत काय काय साठवलंय, मला कधी दिसलंच नाही.

स्टिअरिंग जड आहे. रात्री दंड भरून येतात. आज मी सरळ मैदानभर तिसऱ्या गिअरमध्ये नेली. जमीन आपल्याकडे धावत येत होती, आणि मी तिला सांगत होते कुठून जायचं. मी, सगुणा, जी रिक्षात कोपऱ्यात बसते.

१८ मे, गुरुवार

बांधाखाली उतरवली गाडी. पुढचं चाक चिखलात. मिठागरातल्या दहा-बारा जणांनी ढकलून काढली. काशीबाई म्हणून एक म्हातारी, पाय मिठाने फाटलेले, ती काठाला बसून हसून हसून लोळली. मग माझ्याजवळ आली, गाडीला हात लावून म्हणाली, "तू चालवतंस? बाईमानूस? व्हय?" मी म्हटलं, "चालवत नाही, बुडवते." तिने माझ्या गालावरून हात फिरवला. खारट हात.

आज सोडून द्यावंसं वाटलं होतं. अनिता म्हणते तेच खरं, असं वाटलं होतं.

२२ जून, गुरुवार

पास झाले! पेणच्याच मैदानात परीक्षा. साहेबांनी गाडी मागे घ्यायला लावली, वळवायला लावली. रांगेत मी एकटी बाई. हे कुंपणाबाहेर उभे. नंतर म्हणाले, "तिसऱ्या वळणाला क्लच अर्धा सोडलास. ऐकलं मी." एवढंच कौतुक. पण घरी येताना पेढे घेतले आणि ज्याला-त्याला देत सुटले, अनोळखी माणसांनासुद्धा. "बायको ड्रायव्हर झाली माझी."

३० जुलै, रविवार

मोरूने खिडकी बसवली. चार फूट बाय अडीच फूट, काच सरकते. बिछान्यावर उशी ठेवून आडवं झालं की सगळी खिडकी डोळ्यांसमोर येते. मला आता कळलं ती एवढी का हवी होती. बाजूचं दिसत नाही, म्हणून बाजूच समोर आणायची.

मोरी मी आज तीन इंचांनी कमी केली, मोरूला गुपचूप सांगून. बिछाना पाच फूट नऊ झाला. यांना कळलंच, टेपने नाही, पाय पसरून.

१० सप्टेंबर, रविवार

गौरी-गणपती झाले. उद्या निघायचं. हे म्हणतात कर्नाटकात जोगचा धबधबा, या महिन्यात भरलेला असतो. यांच्या एका प्रवाशाने वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं म्हणे. गोव्याच्या रस्त्याने सरळ खाली. सरळ! मी आजवर नागोठण्याच्या पुढे चालवलेली नाही.

भीती वाटते. हे इथेच लिहिते, तोंडाने नाही बोलणार.

११ सप्टेंबर, सोमवार, खांब

पहिला मुक्काम लेकीच्या दारात. सुकेळी खिंडीत पाऊस होता. त्या जागेवर आलो तेव्हा यांनी हात जोडले. देवाला की त्या बाईला, विचारलं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये वर आले. मागे ट्रकची रांग लागली होती. लागू दे.

अनिता दारात उभी. आईला चाकामागून उतरताना बघत राहिली. रात्री घरात न झोपता आमच्या गाडीत येऊन बसली, मांडी घालून, ओटा बघितला, मोरीचा पडदा सरकवून बघितला. वडिलांच्या डोळ्यांचं मी तिला सांगितलं. खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पडदे अगदीच साधे आहेत गं आई. मी देते माझ्याकडचे."

१५ सप्टेंबर, शुक्रवार, जोग

पोचलो. काही दिसत नाही. पांढरा ढग, फक्त पांढरं. चार पावलांवरचा कठडा दिसत नाही. पण आवाज! तो कानांनी नाही ऐकू येत, तळपायातून येतो. चहाचा कप ओट्यावर आपोआप थरथरतो. मोटारीतून आलेली माणसं दहा मिनिटं थांबतात, ढगाचे फोटो काढतात, वैतागून जातात. आमचं घर बरोबर आहे. आम्ही थांबू.

१७ सप्टेंबर, रविवार, जोग

तिसरा दिवस. सकाळी सात वाजता मी पिठलं ढवळत होते. हे बिछान्यावर खिडकीकडे तोंड करून. एकदम म्हणाले, "सगुणा."

स्टो बंद केला, बाहेर धावलो. ढग वरून खाली फाटत गेला, कुणी कापड टरकावं तसा. समोर डोंगराची अख्खी भिंत. आणि तिच्यावरून नदी खाली येतेय. पडत नाहीये, येतेय. एवढ्या उंचावरून की मधल्या वाटेत ती पाणी राहत नाही, धूर होते. चार ठिकाणांहून. मी आयुष्यात एवढं मोठं काही बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी कधी आलं कळलं नाही. मिनिटभरात मी सगळं बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग मला यांची आठवण झाली.

"सांगू का काय काय आहे? डाव्या हाताला सगळ्यात मोठी धार..."

"थांब. सांगू नको. मी बघतो एकेक."

कठड्याला दोन्ही हात धरले. पहिल्या धारेच्या माथ्याला नजर लावली आणि तिच्याबरोबर खाली उतरत गेले, पार तळापर्यंत. मग मान थोडी हलवून परत वर. दुसरी. परत वर. एका धारेला दहा-दहा मिनिटं. लोक आले, बघून गेले. हे आपले उतरतायत.

"पाण्याच्या मागं पाखरं राहतात गो," म्हणाले.

"कुठे?"

"तिसऱ्या धारेच्या आत. बघ. पाणी फाडून आत जातात."

मला दिसेना. यांनी माझी हनुवटी धरून मान वळवली, बोटाने दाखवलं. आणि दिसली. काळे ठिपके, त्या कोसळणाऱ्या पाण्यात सरळ घुसत होते आणि नाहीसे होत होते. आत, त्या गर्जनेच्या पाठीमागे, कुठेतरी कोरड्या कपारीत त्यांची घरं होती. मी दोन डोळ्यांनी सगळं बघितलं होतं आणि हे बघितलं नव्हतं.

तासाभराने चौथ्या धारेच्या तळाशी पोचले. कठडा सोडला. हात गारठून पांढरे पडले होते. मी चोळून दिले. थोड्या वेळाने ढग परत आला.

१८ सप्टेंबर, सोमवार, रस्त्यात कुठेतरी

आज निघालो. मी विचारलं, घरी? हे म्हणाले, आणखी खाली समुद्र लागतो म्हणतात. मी गाडी खाली वळवली.

घाट उतरत होते. धुकं, एकामागून एक वळणं. पेणहून निघाल्यापासून प्रत्येक वळणाला यांचं चालू असतं, "हॉर्न दे", "दुसरा टाक", "ऐक, रडत्येय". आज पाच वळणं गेली, सहा गेली, आवाज नाही. काही चुकलं का म्हणून मी पटकन बाजूला बघितलं.

झोपले होते. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. इतक्या वर्षांत यांना चालत्या गाडीत झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हर दुसऱ्याच्या गाडीत झोपत नाहीत.

मागून एक ट्रक जोरजोरात हॉर्न देत होता. मी गाडी कडेला दाबून हळू केली, हात बाहेर काढला आणि त्याला खूण केली: जा बाबा, तू पुढे जा.